रंगाच्या पाण्यातले भारित कण : नॅनोछिद्रातला प्रवास संगणकावर

नॅनोछिद्र म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर व्यासाचे भोक. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. पेशीच्या आवरणात अशी छिद्रे निसर्गतः असतात. पाणी गाळण्याच्या मेंब्रेनमध्ये ती मुद्दाम ठेवलेली असतात आणि डीएनए वाचणाऱ्या यंत्रांत एकेका छिद्रावर सगळा कारभार चालतो. अशा छिद्रातून विद्युतभार असलेला कण कसा जातो, कधी अडतो आणि कधी उलट फिरतो, हे डोळ्यांनी पाहता येत नाही. प्रयोगात हाती लागतो तो विद्युतप्रवाहाचा आलेख किंवा गाळून आलेल्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण. छिद्राच्या आत काय घडले ते कळण्यासाठी गणिताचा आधार घ्यावा लागतो. हे गणित हाताने सुटण्यासारखे नसल्याने ते मल्टिफिजिक्स सॉफ्टवेअरवर सोडवले जाते. मल्टिफिजिक्स म्हणजे विद्युतक्षेत्र, आयनांची हालचाल आणि पाण्याचा प्रवाह यांसारख्या वेगवेगळ्या भौतिक क्रिया एकाच वेळी, एकमेकींवरच्या परिणामांसह सोडवणे.

हा विषय प्रयोगशाळेपुरता वाटतो, पण सोलापूरसारख्या कापडाच्या शहराशी त्याचा थेट संबंध आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून यंत्रमागांपर्यंत सोलापूरचे नाव सुताशी जोडलेले आहे. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. जकार्ड मागावर विणल्या जाणाऱ्या चादरीची नक्षी रंगीत धाग्यांनी उमटते, म्हणून सूत विणण्याआधीच रंगवावे लागते. रंगाई झाली की मागे उरते रंगीत, खारट पाणी. त्यातला रंग काढणे आणि जमल्यास पाणी व मीठ दोन्ही पुन्हा वापरणे, हा रंगाई होणाऱ्या प्रत्येक गावापुढचा प्रश्न आहे. त्यावरचा एक उपाय नॅनोछिद्रांच्या मेंब्रेनमधून जातो.

मिठाचा प्रश्न मुळापासून समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याभोवती फिरते. सुती धाग्यासाठी जगभर रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरले जातात. ते १९५६ मध्ये पहिल्यांदा बाजारात आले. या रंगाच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात. पाण्यात विरघळल्यावर त्यांच्यामुळे रेणूला ऋण भार येतो. पाण्यात बुडालेल्या कापसाच्या तंतूचा पृष्ठभागही किंचित ऋणभारित होतो. दोघेही ऋण, त्यामुळे रंग धाग्यापासून दूर राहू पाहतो. रंगाच्या पाण्यात मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) घालतात ते यासाठी. मिठातले सोडियमचे धन आयन धाग्याभोवती आणि रंगाच्या रेणूंभोवती गोळा होतात, दोघांमधले प्रतिकर्षण झाकून टाकतात आणि रंग धाग्याला भिडतो. नंतर सोडा घातला की रासायनिक बंध तयार होऊन रंग पक्का होतो. गडद छटेसाठी लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मीठ लागते. तरीही सगळा रंग धाग्यावर बसत नाही. काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतात, त्यांची धाग्याला चिकटण्याची क्षमता संपते आणि ते सांडपाण्यात जातात.

मीठ विद्युतभार किती अंतरापर्यंत झाकते, याला मोजमाप आहे. भारित पृष्ठभागाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा दाट थर जमतो. या दुहेरी थराची कल्पना हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये मांडली. हा थर एका रेषेत उभा नसून पाण्यात हळूहळू विरळ होत जातो, हे गुई यांनी १९१० मध्ये आणि चॅपमन यांनी १९१३ मध्ये गणिताने दाखवले. थराच्या जाडीला आज डेबाय लांबी म्हणतात. साध्या मिठाच्या पाण्यात लिटरला सुमारे ५८.५ ग्रॅम मीठ असेल, तर ही लांबी ०.३ नॅनोमीटर भरते. मीठ शंभर पटींनी कमी करून लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर आणले, तर ती ३ नॅनोमीटर होते. मीठ शंभर पट घटले की लांबी दहा पट वाढते, हा नियम. म्हणजे रंगाईच्या टाकीतल्या पाण्यात एखाद्या भाराचा प्रभाव पाण्याच्या एका रेणूच्या रुंदीइतक्या अंतरातच संपतो, आणि सूत धुतलेल्या शेवटच्या पाण्यात तोच प्रभाव कित्येक नॅनोमीटर पसरतो. मोठ्या पाइपाच्या दृष्टीने या फरकाला काडीचे महत्त्व नाही. नॅनोछिद्राच्या दृष्टीने मात्र सगळे महत्त्व त्यालाच आहे: छिद्राची रुंदीच तेवढी असते.

छिद्राच्या भिंतीलाही बहुधा ऋण भार असतो. ट्रॅक-एच नावाच्या मेंब्रेनचे उदाहरण घेता येईल. पॉलिएस्टर किंवा पॉलिकार्बोनेटच्या पातळ फिल्मवर जड आयनांचा मारा करतात आणि त्यांच्या वाटा अल्कलीने कोरून आरपार छिद्रे पाडतात. पॉलिएस्टर, म्हणजे ज्याचा धागाही होतो ते प्लॅस्टिक, अशा कोरीवकामानंतर भिंतीवर कार्बोक्सिल गट उघडे ठेवते आणि पाण्यात ते ऋणभारित होतात. कणही बहुधा ऋणच असतात. जंतुरोधक कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या चांदीच्या नॅनोकणांवर अनेकदा सायट्रेटचे आवरण असते आणि त्याचा भार ऋण असतो. अशा कापडाच्या धुण्यातून चांदी पाण्यात येते, हे अमेरिकेत मोज्यांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्यामुळे रंग असो वा चांदीचा कण, प्रश्न एकच: ऋण भिंतीच्या अरुंद वाटेतून ऋण कण कसा जाईल?

कणावर एकाच वेळी कितीतरी ओढी असतात. छिद्राच्या दोन टोकांना विद्युतदाब लावला तर ऋण कण धन टोकाकडे ओढला जातो, हे इलेक्ट्रोफोरेसिस. त्याच वेळी भिंतीलगतच्या थरातले धन आयन ऋण टोकाकडे सरकतात आणि आपल्यासोबत पाणीही नेतात, हे इलेक्ट्रोऑस्मॉसिस. दोन्ही घटना मॉस्कोत रॉयस यांनी ओल्या मातीत पाहून १८०९ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. इथे कण एका दिशेला जाऊ पाहतो आणि पाणी त्याला उलट वाहून नेऊ पाहते. भिंतीचा भार कणापेक्षा प्रभावी ठरला, तर ऋण कण चक्क ऋण टोकाकडे जातो. ज्याला केवळ विरुद्ध भार एकमेकांना ओढतात एवढेच ठाऊक आहे, त्याला हे चुकीचे वाटेल. प्रयोगात ते वारंवार दिसते. याशिवाय पंपाचा दाब असतो, उष्णतेने होणारी ब्राउनियन भटकंती असते आणि भिंत जवळ असल्यामुळे वाढलेला पाण्याचा रोध असतो.

आकड्यांत पाहू. समजा छिद्र १ मायक्रोमीटर लांब आणि ३० नॅनोमीटर रुंद आहे, आणि चांदीचा कण १० नॅनोमीटरचा आहे. १९०५ च्या आइन्स्टाइन यांच्या सूत्राने पाहिले तर केवळ भटकत हे अंतर कापायला त्याला सुमारे दहा मिलिसेकंद लागतील. दोन टोकांत फक्त ०.१ व्होल्टचा फरक ठेवला, तर छिद्रातले विद्युतक्षेत्र मीटरमागे एक लाख व्होल्ट होते आणि तोच कण अर्ध्या ते एक मिलिसेकंदात पार होऊ शकतो. ‘होऊ शकतो’ म्हणायचे कारण असे, की या हिशेबात भिंत, तिचा भार आणि उलट वाहणारे पाणी धरलेले नाही. ते धरायचे तर सॉफ्टवेअरकडे वळावे लागते.

सॉफ्टवेअर तीन समीकरणे सोडवते. पहिले पॉइसन यांचे: भार कुठे कुठे आहेत हे कळले की विद्युतदाब कसा पसरेल ते हे समीकरण सांगते. दुसरे नेर्न्स्ट आणि प्लांक यांचे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे: आयन दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरतात, विद्युतक्षेत्राने ओढले जातात आणि पाण्यासोबत वाहतात, या तिन्ही कारणांची बेरीज त्यात आहे. तिसरे पाण्याच्या प्रवाहाचे, नाव्हिए आणि स्टोक्स यांचे. इतक्या लहान जागेत पाण्याच्या जडत्वाला अर्थ उरत नाही. जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर सांगणारा रेनॉल्ड्स अंक इथे एकाच्या दहा-हजाराव्या भागापेक्षाही लहान असतो, म्हणून समीकरणातले जडत्वाचे पद गाळता येते. पण एक नवे पद घालावे लागते: भारित पाण्यावर विद्युतक्षेत्राने लावलेले बल.

आयनांची जागा कळल्याशिवाय विद्युतदाब कळत नाही. विद्युतदाब कळल्याशिवाय आयनांची जागा कळत नाही. पाणी दोघांवर अवलंबून आणि दोघे पाण्यावर. एक समीकरण सोडवून त्याचे उत्तर दुसऱ्यात टाकले आणि काम संपले, असे इथे चालत नाही. तिन्ही एकत्र, पुन्हा पुन्हा सोडवत उत्तर स्थिर होईपर्यंत जावे लागते.

अशा कामासाठी सर्वाधिक नाव घेतले जाते ते कॉमसॉलचे. ही कंपनी १९८६ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झाली आणि तिचे मुख्य सॉफ्टवेअर १९९८ मध्ये फेमलॅब या नावाने आले. त्याच्या पोटात फायनाइट एलिमेंट पद्धत आहे: आकाराचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात उत्तर साध्या सूत्राने मांडायचे आणि सगळे तुकडे जोडायचे. कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणी तुकड्यांची कल्पना मांडली आणि या पद्धतीला आजचे नाव १९६० मध्ये क्लफ यांनी दिले. कॉमसॉलचा परवाना महाग असतो. एल्मर, फेनिक्स आणि ओपनफोम ही मुक्त साधने तेच काम करू शकतात, फक्त समीकरणे बऱ्याच अंशी स्वतः लिहावी लागतात. ज्याला विषय खरोखर शिकायचा आहे त्याच्यासाठी ही अडचण म्हणजे फायदाच आहे: बटण दाबून आलेल्या रंगीत चित्रापेक्षा स्वतः लिहिलेले समीकरण जास्त समजते.

मॉडेल उभे करताना पहिली बचत आकारात होते. छिद्र गोल आणि कण त्याच्या मधोमध असेल, तर सगळे चित्र अक्षाभोवती सारखे दिसते. म्हणून त्रिमिती छिद्राऐवजी त्याचा अर्धा उभा छेद काढला तरी पुरतो. छेदाच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या जोडाव्या लागतात, कारण विद्युतक्षेत्र छिद्राच्या तोंडाबाहेरही पसरते आणि तिथेच कण आत ओढला जाणार की नाही ते ठरते. मग बाउंडरी कंडिशन, म्हणजे कडांवरच्या अटी, येतात. टाकीच्या दूरच्या कडेला मिठाचे प्रमाण आणि विद्युतदाब ठरवून द्यायचा. भिंतीवर चौरस मीटरमागे इतके कूलॉम असा पृष्ठभार द्यायचा. सिलिकासारख्या भिंतीसाठी तो उणे ०.०१ ते उणे ०.०५ च्या घरात धरतात. आयन भिंतीत शिरत नाहीत आणि पाणी भिंतीवर घसरत नाही, हेही सांगायचे.

खरी कसोटी मेशची, म्हणजे तुकड्यांच्या जाळीची. डेबाय लांबी ३ नॅनोमीटर असेल तर भिंतीलगत ०.३ नॅनोमीटरहून बारीक तुकडे हवेत, नाहीतर दुहेरी थर जाळीतून निसटतो आणि इलेक्ट्रोऑस्मॉसिस चुकते. तेवढीच बारीक जाळी सगळीकडे लावली तर? ५०० नॅनोमीटर बाजूची एकच चौरस टाकी ०.२ नॅनोमीटरच्या चौकटींनी भरायला साडेबासष्ट लाख चौकटी लागतात. आणि टाकीच्या मध्यात तर काही घडतच नसते. म्हणून भिंतीलगत आणि कणाभोवती जाळी दाट, दूर जाईल तशी विरळ. त्यामुळे काम काही हजार ते काही दहा हजार तुकड्यांत आटोपते आणि साध्या लॅपटॉपवरही चालते.

इतके करूनही सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा सॉफ्टवेअरचा भाग, बऱ्याचदा पहिल्या झटक्यात उत्तर देत नाही. समीकरणे एकरेषीय नाहीत. भिंतीचा पूर्ण भार एकदम दिला की सुरुवातीचा अंदाज खऱ्या उत्तरापासून फार दूर पडतो आणि आकडेमोड भरकटते. त्यावरचा रुळलेला मार्ग म्हणजे भार शून्यापासून पायरीपायरीने वाढवणे, आणि प्रत्येक पायरीचे उत्तर पुढच्या पायरीचा अंदाज म्हणून वापरणे. कण हलताना दाखवायचा तर दोन वाटा आहेत. एकीत जाळी कणाबरोबर ताणली आणि पुन्हा आखली जाते. दुसरीत कण अक्षावर ठरावीक ठिकाणी ठेवून प्रत्येक ठिकाणी त्याच्यावरचे विद्युतबल आणि पाण्याचे बल काढतात, आणि ज्या वेगाला दोन्हींची बेरीज शून्य होते तो त्या ठिकाणचा वेग मानतात. दुसरी वाट कमी आकर्षक असली तरी अधिक भरवशाची आहे, कारण पाणी कणाच्या हालचालीला जवळजवळ तत्काळ जुळवून घेते.

उत्तर आले म्हणजे ते बरोबर आहे, असे मुळीच नाही. निदान तीन गोष्टी तपासायला हव्यात. जाळी आणखी बारीक केल्यावर आकडा बदलतो का? छिद्राच्या प्रत्येक आडव्या छेदातून जाणारा विद्युतप्रवाह सारखा आहे का? आणि भिंतीचा भार शून्य केल्यावर छिद्राचा रोध साध्या सूत्राशी जुळतो का? रंगीत आलेख छापणाऱ्या कितीतरी प्रबंधांत या तपासण्यांचा उल्लेख सापडत नाही. वाचकाने तो मागायला हवा.

मॉडेलची प्रयोगाशी गाठ घालून देणारी एक जुनी युक्ती आहे. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये अमेरिकेत एका उपकरणाचे पेटंट मिळाले. बारीक छिद्रातून मिठाच्या पाण्यासोबत रक्तपेशी जाते, तेव्हा ती छिद्राचा काही भाग व्यापते, प्रवाह क्षणभर घटतो आणि पेशी मोजली जाते. डिब्लॉइस आणि बीन यांनी १९७० मध्ये हीच रीत ट्रॅक-एच प्लॅस्टिकमधल्या छिद्रावर वापरून सुमारे ९० नॅनोमीटरचे कण मोजले. १९९६ मध्ये कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी एका जिवाणूच्या प्रथिनाच्या छिद्रातून डीएनएचा धागा ओढून दाखवला, आणि त्या वाटेने पुढे तळहातावर मावणारी डीएनए वाचक यंत्रे आली. मॉडेलमध्येही कणाच्या प्रत्येक जागेसाठी प्रवाह काढता येतो, त्यामुळे प्रयोगाचा आलेख आणि गणिताचा आलेख शेजारी ठेवता येतात. इथे मीठ पुन्हा आपला हात दाखवते. दाट मिठाच्या पाण्यात डीएनए छिद्रात शिरले की प्रवाह घटतो. विरळ पाण्यात तो वाढतो, कारण डीएनए स्वतःभोवती जे धन आयन घेऊन येते ते छिद्रात आधी असलेल्या आयनांपेक्षा जास्त भरतात. तिन्ही समीकरणे एकत्र सोडवणाऱ्या मॉडेलमध्ये हे उलटणे दिसते; केवळ अडवलेली जागा मोजणाऱ्या हिशेबात ते दिसत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. समीकरणे पाण्याला अखंड द्रव मानतात आणि आयनांना बिंदू. छिद्र एक-दोन नॅनोमीटरच्या खाली गेले की पाण्याचे मोजके रेणूच आडवे मावतात आणि आयनाभोवती चिकटलेल्या पाण्याचा आकारही मोजावा लागतो. तिथे एकेका रेणूची हालचाल मोजणारी मॉलेक्युलर डायनॅमिक्स लागते. तिच्यासाठी मात्र लॅपटॉप पुरत नाही, महासंगणक लागतो. महाराष्ट्रात त्यांची परंपरा आहे: पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बांधला, आणि त्याच शहरातल्या आयसर या विज्ञान संस्थेत राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतला परम ब्रह्म आहे. दुसरी अडचण भाराची. भिंतीचा भार पाण्याच्या आम्लतेनुसार बदलतो, त्यामुळे पुस्तकातला आकडा घालून भागत नाही. मेंब्रेनमधून दाबाने पाणी ढकलून निर्माण होणारा विद्युतदाब मोजावा आणि त्यावरून भार काढावा, हा प्रामाणिक मार्ग.

रंगाईच्या पाण्यासाठीची नॅनोफिल्ट्रेशन मेंब्रेन नेमकी या सीमेवर बसते. तिची छिद्रे एक नॅनोमीटरच्या आसपास असतात आणि सरळ नळीसारखी नसतात. म्हणून तिथे वेगळे, आटोपशीर मॉडेल वापरतात: आकाराचा अडथळा आणि भाराचा अडथळा वेगवेगळे मांडणारे, बोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेले. त्यातला भाराचा भाग डोनन यांच्या १९११ च्या नियमावर उभा आहे. ऋण मेंब्रेन ऋण आयनांना दूर ठेवते, आणि दोन भारांचा आयन एका भाराच्या आयनापेक्षा कितीतरी जास्त अडतो. त्यामुळे अशी मेंब्रेन ग्लॉबर सॉल्टमधले सल्फेट बऱ्यापैकी रोखते आणि साध्या मिठातले क्लोराइड बरेचसे जाऊ देते.

रंगाईच्या खात्यात या फरकाला व्यावहारिक किंमत आहे. साधे मीठ वापरले असेल तर मेंब्रेनच्या एका बाजूला रंग राहतो आणि दुसऱ्या बाजूला खारे पण रंगहीन पाणी येते, जे पुढच्या टाकीत मिठासह वापरता येते. ग्लॉबर सॉल्ट असेल तर रंग आणि मीठ दोन्ही एकाच बाजूला साठतात आणि वेगळे करणे अवघड जाते. त्याहून लक्षवेधी गोष्ट अशी की रंगाचे जड ऋण रेणू मेंब्रेनच्या अलीकडे अडकून पडले, की दोन्ही बाजूंचा विद्युत समतोल राखण्यासाठी सोडियम पलीकडे जाताना क्लोराइडलाही सोबत ओढते. परिणामी पलीकडच्या पाण्यात क्लोराइड अलीकडच्यापेक्षाही दाट होऊ शकते. रंग जितका दाट आणि मीठ जितके विरळ, तितका हा परिणाम जोरकस. उलट टाकीतून थेट आलेल्या, मिठाने गच्च पाण्यात डेबाय लांबी ०.३ नॅनोमीटरवर आलेली असते, मेंब्रेनचा भार झाकला जातो आणि रंग अडवण्याचे काम जवळजवळ छिद्राच्या आकारावरच येऊन पडते. रंगाचे रेणू तेव्हा मिठामुळे एकमेकांना चिकटून मोठे पुंजके करतात आणि काही अंशी त्यामुळेच अडतात. पण तेच पुंजके मेंब्रेनवर साचून पाण्याचा वेगही घटवतात. टाकीचे पहिले पाणी आणि धुण्याचे शेवटचे पाणी एकत्र करून मेंब्रेनवर सोडायचे की वेगवेगळे, दाब किती ठेवायचा, आम्लता कुठे राखायची, हे प्रश्न या गणितावर आधी सोडवून पाहता येतात. प्रत्यक्ष पाण्यावर मग त्यांतले मोजके पर्याय तपासले तरी पुरते.